नीट नेसलेली साडी

मी गॅदरिंगला साडी नीट नेसलो. एवढीच माझी चूक.

साताऱ्यातल्या आमच्या कॉलेजात दरवर्षी पोरं साडी नेसून नाचतात. ब्लाउजात फुगे, पदर लोळतोय, मधेच एक फुगा फुटणार. बाई म्हणजे हसायची वस्तू, एवढं कळलं की नाच बसला. मी गाढव. लहानपणापासून आईसमोर खाली बसून तिच्या निऱ्या धरलेल्या. हात आपोआप चालला. चापूनचोपून नेसून स्टेजवर आलो आणि पोरांचं हसणं थांबलं. पोरींच्या बाजूला तेवढी खुसखुस चालू होती. का, ते कळलं नाही.

"ह्याला कसं जमतं रं?" विक्या म्हणाला. विक्या म्हणजे आमच्या हॉस्टेलचा पुढारी.

तिथनं सुरू झालं. रूममेटनं कॉट लांब ओढली. मी अंघोळीला निघालो की पोरं टॉवेल गच्च धरायची. माझं चालणं, बसणं, चहा पिणं, सगळ्यावर डोळे. मग मीही माझ्यावर पाळत ठेवली. कप गड्यासारखा मुठीत धरायला गेलो, हात पोळला. भीती एकच. त्यांचा संशय खरा होता. मला मुली आवडत नाहीत, हे मला शाळेतच कळलेलं.

एका दुपारी एसटी स्टँडवर विक्यानं माझी मान धरली. समोर आमच्या वर्गातली शीतल, कोरेगावच्या गाडीची वाट बघत.

"जा, तिची ओढणी ओढून ये. मग म्हणतो तुला गडी."

निघालो. खरंच निघालो. तिनं मला येताना बघितलं आणि बॅग छातीशी धरली. मेसमध्ये पोरांमधून जाताना मी ताट तसंच धरायचो.

मागं फिरलो. "न्हाई ओढणार."

"म्हंजे तू तसलाच हायस?"

"व्हय. तसलाच हाय."

गाल आठवडाभर सुजला होता. मेसमध्ये अजून शेजारी कुणी बसत नाही. नका बसू. कप मी आता हवा तसा धरतो. यंदाच्या गॅदरिंगला परत नाव दिलंय. साडीच. फुगे नाहीत.

शीतल अजून माझ्याकडं संशयानंच बघते. बघणारच, निघालो होतो की मी. तरी तिला सांगितलं, "यंदा पण नीट नेसणार."

"नीट?" ती म्हणाली. "निऱ्यांची तोंडं उलटी होती तुझ्या. आमी पोरी त्यालाच हसत हुतो."