आतोबांची अष्टमी

काशीत वेळ ही वस्तू फक्त माझ्या आतोबांना कळत होती. बाकीचे आम्ही नुसती घड्याळे बांधून हिंडत होतो. रेल्वेच्या कारखान्यात टाइमकीपर म्हणून त्यांनी जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर तेच खाते रामघाटावरच्या घरात उघडले. नावेतून उतरताना ते नावाड्याला हटकून सांगत, "भैया, आज चार मिनट लेट." आत्या संकठा देवीपुढे किती वेळ थांबली, हेही त्यांच्या वहीत असे. "देवीने विचारलं तर वही दाखवीन," आत्या म्हणे.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास शेजारच्या वेदपाठशाळेत कॉम्प्युटर आला. कोण किती तास शिकवतो हे टिपायला विश्वस्तांनी एका कंपनीचा वार्षिक वर्गणीचा प्रोग्राम महिनाभर वापरून पाहायला मागवला. महिनाअखेरीस छापील कागद निघाला, त्यात गणिताचे मास्तर रोज हजर आणि आमचे म्हातारे वेदगुरुजी प्रत्येक प्रतिपदेला नि अष्टमीला गैरहजर. त्या तिथींना वेद शिकवत नाहीत, अनध्याय असतो, हे घाटावरच्या गाईलासुद्धा माहीत. प्रोग्रामला सुट्टी म्हणजे रविवार एवढेच ठाऊक. नवे विश्वस्त राहायला लखनौला. त्यांनी गुरुजींना आता विश्रांती घ्या म्हणून पत्र धाडले. ज्या माणसाला शिकवण्यावाचून दुसरे काही येत नव्हते, तो ते पत्र हातात धरून दिवसभर ओट्यावर बसून राहिला.

आतोबा भयंकर चिडले. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या हजेऱ्या लावल्या, पण हजर माणसाला गैरहजर कधी केले नव्हते. त्यांनी कंपनीला एसटीडी लावला. उत्तर आले, "अंकल, ये सेटिंग नहीं बदलती."

"घडी दुसऱ्याची असली तर चावी आपण कशी देणार रे?" ते मला म्हणाले.

मी तेव्हा विद्यापीठाच्या कॉम्प्युटर विभागात होतो. एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवर हजेरीचा एक प्रोग्राम होता, आणि त्याच्या आतल्या सगळ्या ओळी उघड्या. हव्या तशा बदलाव्यात. विश्वस्तांनी फोनवर विचारले, बिघडला तर धरायचे कोणाला? "मला," आतोबा म्हणाले. पुराच्या भीतीने मशीन पाठशाळेच्या माडीवर नेऊन ते एका बोटाने टाइप करायला शिकले. ओळी मी लिहायच्या आणि त्यांनी शेजारी पंचांग धरून बसायचे. पहिल्या खेपेला प्रोग्रामने रोजच अष्टमी लावली आणि पाठशाळा कागदोपत्री महिनाभर बंद राहिली. आतोबा तरी खूश. "गलती आहे, पण आपली आहे." तीही निस्तरली. नवा कागद पंचांगाच्या पानासकट लखनौला गेला आणि गुरुजींना धाडलेले पत्र मागे घेतले गेले.

पुढच्याच वर्षी आषाढ शुद्ध पंचमीला आतोबा गेले. गुरुजींनी पाठ थांबवला. शिष्ट, म्हणजे शास्त्र जाणणारा माणूस गेला की अनध्याय पाळतात, पण आतोबांना पुरुषसूक्तही धड येत नव्हते. गणिताच्या मास्तरांनी तसे बोलून दाखवले. गुरुजी म्हणाले, "शिष्ट कोण, ते मी सांगेन."

मी माडीवर गेलो. तिथे मला फार रडू आले. मग प्रोग्राम उघडून अष्टमीच्या ओळीखाली ती पंचमी घातली. कारणाच्या जागी काय लिहावे सुचेना, म्हणून नुसते 'आतोबा' लिहिले.

मशीन बदलले, ती ओळ तशीच राहिली. दर आषाढात नवीन आलेले कोणी मास्तर मला विचारतात, "ये आतोबा कौन-सा त्योहार है?"

"हमारे घर का," मी सांगतो.