धुळीतून धुक्यात

सुर्ल्याहून आम्ही निघालो त्या सकाळी सामानाचा टेंपो दारातून रस्त्यावर काढायलाच मिळत नव्हता. खनिजाने भरलेले टिप्पर एकामागून एक जेटीकडे चालले होते आणि कुणी थांबायला तयार नव्हतं. शेवटी हे स्वतः रस्त्यात उतरले, दोन्ही हात वर करून उभे राहिले. टिप्परवाले सगळे यांच्या ओळखीचे. काल-परवापर्यंत हेही त्याच रांगेत टिप्पर चालवत होते. एकाने काच खाली करून विचारलं, "सदा, खरोच वता रे?" खरंच निघालो, अशी ह्यांनी मान हलवली.

वैनी, तुम्ही तेव्हा पायरीवर उभ्या होतात. पदर तोंडावर धरला होता, तो रडण्यासाठी की धुळीसाठी, मला कळलं नाही. सासूबाईंनी, आपल्या मांयनी, मयुरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "देव राखता तो खंयूय राखता. वच." देव कुठेही राखतो, जा. माझे बाबा आमोण्याहून तांदळाचं पोतं घेऊन आले होते. त्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "दुरून डोंगर साजरे गो, सुमन." ते वाक्य मी टेंपोत बसल्यापासून घाट लागेपर्यंत मनात घोळवत होते. मयुरी, माझी सात वर्षांची मुलगी, तोंडाला ओला रुमाल बांधून माझ्या मांडीवर झोपली होती, आणि मला वाटत होतं, आपण हिला कुठे घेऊन चाललोय?

तुम्हाला कारण माहीत आहेच. मयुरीचा दमा. सुर्ल्यात आपण भात उघडा ठेवायचो नाही, जनेलाला, खिडकीला ओला कपडा लावायचो, तरी सकाळी उशीवर तांबडा थर असायचा. रात्री ती खोकायला लागली की मी तिच्या बरगड्या बघत बसायची. दोन बरगड्यांमधली कातडी आत ओढली जायची. डिचोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, औषध देतो, पंप देतो, पण हिला धुळीतून काढा. हे ऐकून ह्यांनी घरी येऊन पाण्याचा तांब्या हातात घेतला तो तसाच धरून बसले. ज्या धुळीवर आमचं पोट होतं तीच पोरीच्या छातीत जाऊन बसली होती.

मग रविवारी आम्ही तिघं स्कूटरवरून गावं बघत हिंडायला लागलो. सत्तरीत, चोर्ला घाटाच्या अंगाला. डोंगरातली हवा चांगली एवढंच आम्हाला माहीत होतं. कुठला गाव पोराबाळांच्या संसाराला बरा, हे कुणाला विचारणार?

पहिला गाव असा सुंदर की बघत राहावं. दरीकडे तोंड करून नवीकोरी घरं, कुंपणावर बोगनवेल. पण सगळ्या फाटकांना कुलपं. मालक पणजीचे, कुणी त्याहून लांबचे, सुट्टीला येणारे. आम्ही हाक मारली तर कुत्री भुंकली, माणूस कुणी बाहेर आलं नाही. इथे रात्री मयुरीचा श्वास अडकला तर मी कुणाच्या दारावर थाप मारणार?

दुसऱ्या गावात माणसं होती, देऊळ होतं, बारमाही झरा होता. शाळेला मात्र कुलूप. झऱ्यावर एक बाई कपडे धूत होती. ती म्हणाली, "भुरगीं सगळीं सकयल, मावशेगेर." मुलं खाली, मावशीकडे, मामाकडे ठेवलेली. चार म्हातारी माणसं वडाखाली बसून आमच्या मयुरीकडे अशी बघत होती, जसा खूप दिवसांनी काही गोड पदार्थ दिसावा. तिथूनही परतलो.

फणसमाळाला पोचलो तेव्हा मयुरी चढणीने दमली होती आणि छातीत शिटी वाजायला लागली होती. मी तिला घेऊन पहिल्या दिसलेल्या घराच्या सोप्यावर बसले. घरातून एक काकी बाहेर आली. ही रुक्मिणकाकी. कोण, कुठले, काही विचारलं नाही. गरम पाणी आणलं, पोरीची पाठ चोळली, मग मला म्हणाली, "हिका कशाक कशाक त्रास जाता, तें सांग." सुर्ल्यात इतकी वर्षं लोक मला विचारत आले, बरी आहे का पोर? कशाने त्रास होतो हे कुणी विचारलं नव्हतं.

आम्ही इथे राहायला यायचा विचार करतोय म्हटल्यावर काकीने सगळं सरळ सांगून टाकलं. "हांगा गवे येतात गो. वाघय दिसता केन्ना केन्ना. पावसांत रस्तो बंद पडता. पूण शाळा चलता, आनी भुरगीं आसात."

हे स्कूटरवर बसताना म्हणाले, "बाईने तर घाबरवूनच सोडलं."

"म्हणूनच इथे येऊया," मी म्हटलं. बाकीच्या गावांत आम्हाला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

पण बोलणं सोपं. राहायला आल्यावर पहिले काही महिने मी नीट झोपले नाही. सुर्ल्यात टिप्परांचा आवाज कानात इतका भरलेला की इथली शांतता अंगावर यायची. कौलांवर वानराने उडी मारली की मी मयुरीला पोटाशी ओढायची. स्वयंपाकघराचं मागचं जनेल मी कित्येक दिवस उघडलंच नाही, कारण मागे रान होतं. पाववाला पोदेर सायकलवर पोंपों करत येणार नाही, गरम उंडे, पाव मिळणार नाहीत, हे मला माहीत होतं. पण पहाटे तो भोंगा ऐकू आला नाही की मी उगाच दाराशी जाऊन उभी राहायची. मयुरीला शाळेत सोडायला मी हातात काठी घेऊन जायची. एकदा वळणावर गवा उभा होता. एवढा मोठा, काळा, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. तो आमच्याकडे बघत राहिला. मी काठी टाकली आणि पोरीला मागे घेतलं. तो आपल्या चालीने जाळीत शिरला, आणि मयुरी म्हणते कशी, "आई, तुझे हात किती थंड झालेत!"

तिचा श्वास मात्र मोकळा झाला होता. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत पंप कपाटातच पडून. हे दुधाची गाडी चालवायला लागले होते, सकाळी खाली सांखळीला जायचे, दुपारी परत. मी तुम्हाला फोनवर सांगायची, सगळं छान आहे. वैनी, ते अर्धंच खरं होतं.

मग पाऊस आला आणि त्याच्याबरोबर धुकं. धुकं घरात शिरायचं, माणसासारखं, दारातून. कपड्यांना बुरशी, भिंतीला बुरशी, मयुरीच्या वह्यांना वास. आणि एका सकाळी तिच्या छातीत ती जुनी शिटी. मी चुलीपुढेच खाली बसले. धुळीपासून पळून आलो आणि हे इथे आमची वाट बघत बसलं होतं!

पुढे श्रावणातल्या एका सकाळी हे गाडी घेऊन गेले आणि थोड्या वेळाने मला टिप्परने माल ओतल्याचा आवाज आला. अगदी तसाच, घरघरत, लांबलचक. एक क्षण मला वाटलं, मी सुर्ल्यातच आहे. मग बाहेर आरडाओरडा झाला. खालच्या वळणावर डोंगर खचला होता. रस्ता तांबड्या मातीखाली गेला होता. हे त्या वळणाच्या पलीकडे पोचले होते की नव्हते, कुणालाच माहीत नव्हतं. फोनला रेंज नव्हती.

आणि दुपारपर्यंत मयुरीचा श्वास वाढला. पंप दाबला, पुन्हा दाबला, नुसता हवेचा आवाज आला. तिचे ओठ मातकट दिसायला लागले. मी अंगणात जाऊन ओरडले. काय ओरडले आठवत नाही. रुक्मिणकाकी पावसातून तशीच धावत आली. तिने पोरीकडे एकदाच पाहिलं आणि आपल्या मुलाला, विष्णूला, हाक मारली. विष्णूने आणि शेजारच्या गड्यांनी खुर्चीला बांबू बांधले, मयुरीला त्यात बसवून लुगड्याने आवळलं. काकी म्हणाली, "पोन्नी वाट आसा. काजूंतल्यान."

ती जुनी वाट म्हणजे काजूच्या बागेतून, ओहोळाच्या कडेने सरळ खाली. माती घसरत होती, पायांना जळवा लागत होत्या. मी खुर्चीच्या बाजूने छत्री धरून चालत होते आणि दर पावलाला मला वाटत होतं, वर डोंगर पुन्हा हलला. विष्णू मला म्हणाला, "वैनी, तूं वयर पळोव नाका. चेडवाक पळय." वर बघू नकोस, पोरीकडे बघ. मी तिच्याकडे बघत राहिले. ती बोलत नव्हती, फक्त माझ्या मनगटाला धरून होती, आणि त्या पकडीवरून मी ओळखत होते की अजून आहे.

अर्ध्या वाटेत खालून कुणीतरी वर येताना दिसलं. हे होते. चिखलाने माखलेले, अनवाणी. डोंगर खचल्याचं ऐकून गाडी सोडून जुन्या वाटेने वर निघाले होते. त्यांनी विष्णूच्या खांद्यावरचा बांबू आपल्या खांद्यावर घेतला आणि चालायला लागले. मी तेव्हा रडले. तोवर रडायला फुरसत झाली नव्हती.

दवाखान्यात मयुरीच्या तोंडाला ऑक्सिजन लावला. हळूहळू ओठांना रंग आला. डॉक्टर म्हणाले, डोंगराचा दोष नाही, घराचा आहे. ओल आहे, धूर आहे. हे मात्र बाहेर बाकावर डोकं धरून बसले होते. मला म्हणाले, "सुमन, परत जाऊंया. हांव भियेलां." भ्यालोय, हा शब्द लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून ऐकला. मलाही परत जायचं होतं. पण परत कुठे? उशीवरच्या तांबड्या थरात?

दोन्हीकडे भीतीच होती. एकीकडे मात्र खुर्चीला बांबू बांधणारी माणसं होती.

रस्ता मोकळा झाल्यावर गावाने आम्हाला वरच्या अंगाचं एक रिकामं घर दाखवलं. कातळावर, ऊन येणारं, कोरडं. विष्णूने कौलं परतली, बायकांनी भिंतींना चुना लावला. चूल जाऊन गॅस आला. मयुरीचा दमा गेला नाही, पण आटोक्यात राहिला. त्या कातळावरून तिने बारावी केली. आता पणजीला नोकरी करते.

खाणी बंद पडल्या तेव्हा, वैनी, तुमचा फोन आला होता. "आतां धूळ ना गो. झाडां परत हिरवीं दिसपाक लागल्यांत. घरा येयात." मी तुम्हाला "बघू" म्हटलं, आणि त्यानंतर दर वर्षी "बघू"च म्हणत आले. आज काय ते नीट सांगते.

गेल्या पावसाळ्यात एका दुपारी मी एकटी होते. सकाळपासून धार लागली होती. अचानक तोच आवाज आला, टिप्पर ओतल्याचा, या खेपेला खालच्या वाड्याच्या, वस्तीच्या मागून. इतक्या वर्षांत मला या आवाजाची सवय झालेली नाही. होणारही नाही. चपला पायात घालायला उचलल्या, त्या हातातच राहिल्या. पळायचं, पण कुठे पळायचं?

तेवढ्यात धुक्यातून माणसं वर येताना दिसली. पुढे विष्णू, पाठीवर रुक्मिणकाकी, आता पिसासारखी हलकी झालेली. मागे बायका, कडेवर पोरं, कुणाच्या हातात शेळीचं दावं. सगळा वाडा माझ्या कातळाकडे चढत होता. काकी लांबूनच ओरडली, "सुमन, दार उगड गो!"

मी दार उघडलं. चटया घातल्या. मोठ्या टोपात चहा ठेवला, तो ठेवताना अर्धी साखर खाली सांडली. एका लहान पोरीने माझा पदर ओढून विचारलं, "काकी, हांगा भंय ना मगो?" भीती नाही, असं मी तिला खोटं सांगू शकले नाही. म्हटलं, "भंय आसा. बस म्हजेकडेन." ती माझ्याजवळ भिंतीला टेकून बसली, आणि बाहेर माती सरकायची थांबेपर्यंत आम्ही सगळे तसेच, एकमेकांना चिकटून बसून राहिलो. कुणाला काही झालं नाही. एक गोठा तेवढा गेला.

वैनी, तुम्ही विचारता, घरी कधी येणार. चवथीला तुमच्याकडे नक्की येते, मयुरीही येईल. पण गणपती पोचवला की मला थांबवू नका. पाऊस असेल, वरची माणसं वाट बघतील. मला घरी जायचं असेल.