टेबलाजवळची उंच स्टुलं

वर्सोव्याला कोळंबी गोठवून जपानला पाठवणारा एक कारखाना होता. सत्तरच्या दशकात मी तिथे ऑफिसात टायपिस्ट होते आणि माझी आय खाली शेडमध्ये कोळंबी सोलायची. पाटावर बसून, जन्मभराच्या सवयीने. माल तपासायला आलेल्या जपानी साहेबाने एक दिवस हुकूम आणला, की यापुढे बायकांनी टेबलाशी उभं राहून सोलायचं. आयचे गुडघे कधीच कामातून गेले होते. शेडमधलं काम सुटलं तर ती घरात बसून झुरेल, हे मला ठाऊक होतं.

माझं तोंड आधीच फटकळ. मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत मी फाडकन म्हटलं, हे चालायचं नाही. साहेब रागावला नाही. दातांतून हवा आत ओढली, कागद नीट लावले आणि मीटिंग आटोपती घेतली.

संध्याकाळी त्याने मला चहाला थांबवलं. तुटक्या इंग्रजीत सांगितलं, की त्यांच्यात चारचौघांत असं तोंडावर 'नाही' म्हणत नाहीत, समोरच्याची मान खाली जाते. आधी एकट्याला गाठायचं आणि 'मला काळजी वाटते' असं म्हणायचं. काय एकेक नखरे, बाई! तरी म्हटलं, मला माझ्या आयच्या गुडघ्यांची काळजी वाटते. त्याने कप खाली ठेवला.

"कठीण आहे," एवढंच म्हणाला. मी समजले, वाट लागली.

आयने तर त्याच्याशी उभा दावाच मांडला. तो शेडमध्ये आला की ही मान वर करत नसे. पुढे टेबलांबरोबर उंच स्टुलं आली. मालकाला दया आली असेल, असं आम्ही धरून चाललो. साहेब जपानला परत निघाला तेव्हा शेडच्या दारात उभा राहून बायकांपुढे कमरेत वाकला. बायका फिदीफिदी हसल्या. आय स्टुलावर बसून सोलत राहिली.

त्याच्या जागी आलेल्या साहेबाने चहा पिता पिता मला सगळं सांगितलं. स्टुलांसाठी आधीचा साहेब जपानमधल्या वरच्यांच्या मागे लागला होता, माझं नाव न घेता, स्वतःचं म्हणणं म्हणून. मंजुरी मिळाली, पण तो त्यांच्या मर्जीतून उतरला आणि त्याला परत बोलावलं.

मला फार वाईट वाटलं. घरी जाऊन आयला सांगितलं. तिने स्टोव्ह बारीक केला.

"मेला, बोलला का नाही?" म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला. "एकदा तरी वर बघितलं असतं गं मी."