पद्मिनी, पैठणी आणि कंपनीच्या बसमधली माझी जागा

माझी नोकरी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आहे आणि तिकडे कंपनीची बस जाते. बसमध्ये जागा मिळायला लोक नंबर लावून बसलेले असतात. एकदा जागा सोडली की परत मिळेल ही आशाही सोडायची. अशा परिस्थितीत मी बसचं बघणाऱ्या साहेबांना ऐटीत सांगून आले होते, की मी आता माझ्या गाडीने येणार. त्यांनी विचारलं, कोणती गाडी? मी म्हटलं, पद्मिनी. ते म्हणाले, सोमवारपर्यंत नीट विचार करून सांगा.

तर हा प्रवास त्या विचाराचा. म्हणजे विचार करायला शांत जागी जाऊन बसतात तसं मी येवल्याला जाऊन आले.

थोडी पार्श्वभूमी. लायसन्स हातात येऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. तेवढ्यात मी साठवलेले पैसे घालून सायीच्या रंगाची, माझ्यापेक्षा वयाने मोठी असलेली गाडी घेतली. का घेतली? खरं सांगायचं तर तिचे फोटो फार छान येतात. तिच्या इंजिन, ब्रेक वगैरेची चौकशी मी गाडी दारात आल्यावर सुरू केली. पप्पांचा पहिल्या दिवसापासून विरोध. त्यांचं म्हणणं, असली गाडी सणावाराला काढायची, रोज ऑफिसला न्यायची नाही. मम्मी शाळेत शिकवते, तिचं म्हणणं, पोरगी हौसेनं करतेय तर करू द्या. घरात अशी फूट पडलेली. मग असं ठरलं की पद्मिनी नाशिकहून येवल्याला जाऊन धड परत आली, तर रोज अंबडला न्यायची. येवल्याला माझी मावशी राहते, तिच्या मुलीचं लग्न ठरलंय आणि पैठणी बघायची होती. मम्मी माझ्याबरोबर आली. पप्पांनी काम असल्याचं सांगितलं. कोणतं ते सांगितलं नाही.

तुम्हाला जायचं असेल तर रस्ता सोपा आहे. आम्ही उपनगरला राहतो, तिथून जेलरोडने नांदूर नाका आणि मग सरळ संभाजीनगरचा रस्ता. चांदोरी, निफाड, विंचूर, येवला. साधी गाडी दोन तासांत पोचते. फेब्रुवारीत सकाळी लवकर निघा, दोन्हीकडे द्राक्षांचे मळे असतात आणि हवेत छान गारवा असतो. त्या गारव्यात जुनी गाडी चालू होत नाही हे मला व्हिडिओ बघून माहीत होतं, म्हणून मी डॅशबोर्डच्या खालची, थंड इंजिनाला जास्त पेट्रोल पाजणारी चोकची खुंटी ओढली, गाडी सुरू केली, इंजिन तापल्यावर खुंटी परत आत ढकलली आणि मम्मीकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. मम्मी तेव्हा पिशवी कुठे ठेवावी या विचारात होती.

या गाडीला पुढची सीट बाकासारखी सलग आहे. गिअर स्टिअरिंगलाच. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत गिअर खाली होता, त्यामुळे माझा डावा हात दर वेळी आधी मम्मीच्या गुडघ्याकडे जायचा आणि मग वर यायचा. स्टिअरिंग तर इतकं जड, की नांदूर नाक्याचं एक वळण घेतलं आणि माझा व्यायाम झाला. पण लोक बघत होते! सिग्नलला एक रिक्षावाला हसून "एक नंबर" म्हणाला. त्यानंतर मी बराच वेळ मान ताठ ठेवून गाडी चालवली.

चांदोरीच्या अलीकडे गाडी खोकायला लागली. मागे काळा धूर, आत पेट्रोलचा वास. मग दोन आचके दिले आणि एका चहाच्या टपरीसमोर बंद पडली. जागा मात्र तिनं छान निवडली.

मी बॉनेट उघडलं. बॉनेट उघडलं की माणसं जमतात, हा अनुभव ज्यांना नाही त्यांनी एकदा घ्यावा. एकाचं मत, कॉइल तापली. दुसऱ्याचं, पेट्रोलमध्ये पाणी आहे. तिसऱ्याने टपरीतलं फडकं ओलं करून आणलं आणि इंजिनातल्या पेट्रोलच्या पंपावर टाकलं. फेटा बांधलेले एक आजोबा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "लय भारी गाडी हाय. आमच्या लग्नात अशीच व्हती." दोष काय ते त्यांनी सांगितलं नाही, पण आठवण काढून ते खूष झाले. मी सगळ्यांपुढे कार्बुरेटर, फिल्टर, प्लग असे शब्द वापरत होते. हे शब्द मला येत होते. त्या वस्तू बॉनेटखाली नेमक्या कुठे असतात ते येत नव्हतं.

शेवटी मम्मी म्हणाली, थांबलोच आहोत तर खाऊन घेऊ. ती दारातून आत वाकली आणि डब्याची पिशवी काढली. पिशवी लटकवली होती चोकच्या खुंटीला.

आता यात मम्मीची चूक काय सांगा. आमच्या घरी आजवर स्कूटीच होती. स्कूटीला पुढे हूक असतो, त्याला पिशवी अडकवायची, हे आमच्या हाडामांसात भिनलेलं आहे. तिला डॅशबोर्डखाली एक खुंटी दिसली, तिने डबा, पाण्याची बाटली आणि मावशीसाठी घेतलेला दोन किलो चिवडा तिला अडकवला. खुंटी आधीच ढिली, दर खड्ड्याला थोडी थोडी बाहेर येत गेली. नाशिकपासून मी चोक ओढलेली गाडी चालवत होते आणि ती बिचारी पेट्रोल पिऊन पिऊन बेजार झाली होती. पिशवी माझ्या डोळ्यांसमोर झुलत होती. मला वाटलं होतं, बरं झालं, सोय आहे.

मी हळूच खुंटी आत ढकलली. आम्ही पोळी-भाजी खाल्ली, चहा घेतला, तोवर इंजिन सुकलं आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. लोकांनी विचारलं, काय केलं ताई? मी म्हटलं, कार्बुरेटरचं जरा सेटिंग होतं. ओलं फडकं टाकणाऱ्याला मात्र वाटलं की गुण त्याच्या फडक्याचा आहे, आणि मी त्याला तसं वाटू दिलं.

त्यानंतर गाडी अशी चालली की मलाच तिच्या प्रेमात पुन्हा पडावंसं वाटलं. निफाडच्या पुढे रस्ता मोकळा होता, काचा खाली, मम्मी गुणगुणत होती. हिवाळ्यात येत असाल तर वाटेत नांदूरमध्यमेश्वरला वळा, पक्षी बघायला मिळतात. आम्ही वळलो नाही, कारण वळवायचं म्हणजे परत ते स्टिअरिंग.

येवल्यात आधी मुक्तिभूमीवर गेलो, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली तिथे. मम्मी येवल्यात आली की पहिल्यांदा तिथेच जाते, वंदन करते आणि थोडा वेळ बसते. मीही बसले. बाहेर आलो तर एक कुटुंब पद्मिनीला टेकून फोटो काढत होतं, आणि त्यातल्या काकांनी लग्नाला भाड्याने देता का विचारलं. मग मावशीकडे जेवण, आणि दुपारी विणकरांच्या घरी पैठण्या. हातमागावर पदरातला मोर एकेक धागा घालून उठवताना बघा, दुकानात जायच्या आधी बघा. पैठणी बघायला पैसे पडत नाहीत. बघून न घेता परत यायला मात्र धीर लागतो. मावशीने एक पसंत केली, मम्मीने त्याहून महागड्या एका पैठणीवरून तीनदा हात फिरवून ती ठेवून दिली. मी मनात म्हटलं, गाडी घेतली नसती तर ही आज घेता आली असती.

परतीला ऊन कलायच्या आत निघालो. विंचूर सोडल्यावर पुढे कांद्याने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली होती. तिला मागे ना लाल दिवा, ना काही. ती अचानक थांबली.

मी ब्रेक दाबला. वेळेवर दाबला, हे मी अजूनही सांगते. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी तेवढ्यात दोनदा थांबली असती. माझ्या पायाला तेवढंच अंतर ठाऊक होतं, आणि पद्मिनीला ते पुरत नव्हतं. पाय अख्ख्या वजनानिशी दाबून धरला, गाडी घसटत गेली, आणि ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली. मला सीटचा पट्टा होता. गाडीला मुळात पट्टे नव्हतेच, गॅरेजवाल्याकडे त्या दिवशी एकच होता, तो माझ्या बाजूला बसवला होता आणि दुसरा पुढच्या आठवड्यात बसणार होता. मम्मीला पट्टा नव्हता. आणि तिने स्वतःला सावरायचं सोडून डावा हात डॅशबोर्डवर आणि उजवा हात माझ्या छातीवर आडवा धरला होता.

गाडी बाजूला घेतली. मम्मीचं डावं मनगट बघता बघता सुजलं. मी रडायला लागले. ती म्हणाली, "पिंकी, रडू नको. मला काही झालं नाही. रुमाल ओला करून दे." थोड्या वेळाने म्हणाली, "पप्पांना सांगायची गरज नाही."

तिथून घरापर्यंत मी बैलगाडीच्या वेगाने आले. मागचे सगळे हॉर्न वाजवत, बडबडत पुढे गेले आणि मला एकाचाही राग आला नाही. निफाडला डॉक्टरांनी हात तपासला, हाड शाबूत होतं, मुरगळलं होतं, पट्टी बांधून दिली. वाटेत एवढं एकच कळलं, ते तुमच्यासाठी लिहिते, कारण जुनी गाडी घ्यावी का, असं खूप जणांनी विचारलंय. जुनी गाडी वाईट नसते. पण ती माफ करत नाही, आणि नव्या ड्रायव्हरला रोज थोडी थोडी माफी लागते. गाडी जुनी असेल तर चालवणारा मुरलेला हवा, आणि चालवणारा नवा असेल तर गाडी तरी नवी हवी. आमच्या जोडीत अनुभव सगळा गाडीकडे होता आणि स्टिअरिंग माझ्याकडे.

घरी आल्यावर मम्मीने साडीचा पदर हातावर ओढून घेतला आणि पप्पांना म्हणाली, गाडी झकास चालली. पप्पांनी चहा केला. ठरल्याप्रमाणे मी जिंकले होते. ते म्हणाले, बरं, मग सोमवारी बसची जागा सोड. मम्मी उजव्या हाताने कप धरून माझ्याकडे बघून हसत होती. मी एक शब्द बोलले नसते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं.

मी सगळं सांगितलं. चिवड्यापासून ट्रॉलीपर्यंत. म्हटलं, बसची जागा राहू द्या, पद्मिनी रविवारी काढीन, दुसरा पट्टा बसल्यावर, आणि माझा हात बसल्यावर. मला वाटलं पप्पा ओरडतील. त्यांनी उठून मम्मीचा पदर बाजूला केला, पट्टी बघितली आणि ते तिच्याजवळ बसले.

मम्मीने कप खाली ठेवला आणि मोठा श्वास सोडला.

"बरं झालं गं बाई," ती म्हणाली. "माझी शाळा दुपारची. मी ठरवलं होतं, रोज सकाळी तुझ्याशेजारी बसून अंबडपर्यंत यायचं आणि सिटी बसने परत यायचं."