एकाआड एक मंगळवार

अहिल्या मेश्राम नोकरीत काय करते हे कळलं की न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरमधल्या मराठी बायकांना गंमत वाटायची. "म्हणजे नक्की काय गं, बादली घेऊन समुद्रावर जातेस?" असं कुणी विचारलं की तीही हसून म्हणायची, "हो, बादलीच. फक्त माझ्या बादलीला दोर असतो."

नागपूरच्या इंदोऱ्यात वाढलेली ही मुलगी. वडील पोस्टात होते, आई अंगणवाडीत. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाली, लग्न झालं आणि संजयच्या आयटीच्या नोकरीपाठोपाठ ती न्यू जर्सीला आली. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, म्हणून नऊ वर्षं घरात काढली. ग्रीन कार्ड हातात आलं त्याच महिन्यात तिने युनिव्हर्सिटीच्या एका लॅबमध्ये तंत्रज्ञाच्या जागेसाठी अर्ज केला. तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती. मुलाखतीत लॅबच्या प्रमुख डॉक्टर हॅलोरन बाईंनी विचारलं, "इतक्या वर्षांच्या खंडानंतर हे जमेल?" अहिल्या म्हणाली, "हात विसरलेले नाहीत."

ते खरंही होतं. काम दिसायला साधं, पण फार नाजूक. घरापासून तासाभरावर समुद्रात गेलेला एक लाकडी धक्का होता. दर मंगळवारी सकाळी सात वाजता तिथे जायचं, आम्लाने धुतलेली बाटली त्याच समुद्राच्या पाण्याने तीनदा विसळायची, मग भरायची. धक्क्यावरच्या छोट्या शेडमध्ये पंप लावून ते पाणी आधी जाड आणि मग अगदी बारीक फिल्टरमधून काढायचं. डोळ्यांना न दिसणारे लाखो जिवाणू त्या फिल्टरवर अडकतात. तो फिल्टर लगेच कोरड्या बर्फात ठेवायचा आणि लॅबच्या फ्रीझरमध्ये नेऊन टाकायचा. पुढे त्यातला डीएनए वाचून कोणते जिवाणू किती आहेत ते समजतं. पाणी भरल्यापासून फिल्टर होईपर्यंत अर्ध्या तासाच्या वर वेळ जाता कामा नये, हा तिचा नियम.

चार वर्षांपूर्वी हॅलोरन बाईंना मोठा प्रकल्प मिळाला. सलग तीन वर्षं, एकही मंगळवार न चुकवता नमुने घ्यायचे होते. दुसरा माणूस लागणार होता. अहिल्याने यतीनचं नाव सुचवलं.

यतीन कर्णिक पुण्याचा. ॲन आर्बरला पीएच.डी. करून बायकोला आणि लहान मुलीला घेऊन नुकताच इकडे आला होता. महाराष्ट्र मंडळात ओळख झाली. व्हिसाची मुदत संपत आलेली, नोकरीचा पत्ता नाही, चेहरा ओढलेला. अहिल्याने बाईंना सांगितलं, "हुशार आहे. मी शिकवीन." एवढ्या शब्दावर त्याला जागा मिळाली.

तिने खरंच शिकवलं. पहिले दोन महिने दोघं बरोबर जायचे. फेब्रुवारीतला वारा धक्क्यावर उभं राहू द्यायचा नाही, तरी ती त्याला बाटली तीनदा विसळायला लावायची.

"ताई, अर्ध्या तासाने असं काय बिघडतं?" एकदा त्याने कुडकुडत विचारलं.

"अरे, बाटलीत कोंडलं की त्यातले नाजूक जीव मरायला लागतात. आणि जे एरवी मूठभरच असतात, पटापट वाढणारे, ते माजतात. दोन दिवसांनी तू जे फिल्टर करशील तो समुद्र नसतोच. ती फक्त बाटली असते."

पुढे त्यांनी पाळ्या वाटून घेतल्या. एक मंगळवार तिचा, एक त्याचा. पंपाची पेटी ज्याची पाळी त्याच्या घरी.

दोन्ही घरांचं येणंजाणं वाढलं. यतीनची बायको आश्लेषा तिला ताईच म्हणायची. त्यांची रुही न्यूमोनियाने हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा अहिल्या तीन दिवस त्यांचा डबा करून नेत होती. चौदा एप्रिलला अहिल्याच्या घरी बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम असायचा, तिथे यतीन सहकुटुंब यायचा, खुर्च्या मांडायचा, खिरीची दुसरी वाटी मागून घ्यायचा. "तुमच्याकडे आलं की घरी आल्यासारखं वाटतं, ताई," असं म्हणायचा. अहिल्याला भाऊ नव्हता. तिला ते ऐकून बरं वाटायचं.

तीन वर्षं झाली. दीडशेच्या वर फिल्टरांचा डीएनए वाचून आला आणि हॅलोरन बाईंनी सगळ्यांना बोलावून पडद्यावर आलेख लावला. ऋतूंप्रमाणे सावकाश चढणारी-उतरणारी रेघ दिसायला हवी होती. दिसत होते करवतीचे दात. एका आठवड्याचा समुद्र एक सांगत होता, पुढच्या आठवड्याचा भलतंच, त्याच्या पुढच्या आठवड्यात परत पहिल्यासारखं.

"समुद्र असा दर आठवड्याला उडी मारत नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्या दोघांपैकी एकाच्या पद्धतीत काहीतरी चूक आहे."

अहिल्याने यतीनकडे पाहिलं. तो वहीत काहीतरी लिहीत होता. तिला वाटलं, बिचारा घाबरला. गाडीत बसल्यावर तिने त्याला मेसेजही केला, 'काळजी करू नको, आपण मिळून शोधू.' त्याने नुसता अंगठा पाठवला.

दोन दिवसांनी बाईंनी तिला एकटीला बोलावलं. दार लावून घेतलं. बोलताना त्या फार सौम्य होत्या.

"अहिल्या, यात कमीपणा नाही. वय वाढतं, हातांची सवय बदलते. यतीनचं म्हणणं आहे की गेलं वर्षभर तो तुझ्या काही गोष्टी पाहतोय, पण तुझा मान ठेवून बोलला नाही."

"कोणत्या गोष्टी?"

"बाटल्या नीट न धुणं, असं काहीसं. आणि त्याने मला तुमच्याकडच्या प्रवेशाची पद्धतही समजावून सांगितली. म्हणजे काही लोकांना राखीव जागेवर डिग्री मिळते, मग पायाभूत शिक्षण थोडं कच्चं राहतं. तुझा त्यात दोष नाही, हे तो आवर्जून म्हणाला. तुला एखादा रिफ्रेशर कोर्स करायचा असेल तर मी व्यवस्था करते."

बाईंना आपण काय बोलून गेलो याची कल्पनाच नव्हती. पण इतकी वर्षं या देशात अहिल्याला हे वाक्य कुणी ऐकवलं नव्हतं. कॉलेजात ऐकलं होतं, होस्टेलच्या जिन्यात ऐकलं होतं. विद्यापीठात तिसरी आली होती तेव्हासुद्धा ऐकलं होतं. आणि आता ते त्याच माणसाने इथवर आणून ठेवलं होतं, ज्याने तिच्या घरात खुर्च्या मांडल्या होत्या.

"मला एक महिना द्या," ती एवढंच म्हणाली. "कोर्स नको. थोडा डीएनए वाचून घ्यायची परवानगी द्या."

घरी संजयला सांगितलं तेव्हा तो ताडकन उठला, गाडीची किल्ली घेतली. "मी जातो त्याच्याकडे." अहिल्याने त्याला खाली बसवलं. "आरडाओरडा केला तर म्हणतील, बघा, अशीच असतात ही माणसं. मला आधी मोजू दे."

तिने आलेख पुन्हा पुन्हा पाहिला. यतीनच्या मंगळवारांत पटापट वाढणारे जिवाणू भरमसाट होते. बाटलीवरची घाण असती तर माणसाच्या त्वचेवरचे जिवाणू सापडले असते, ते कुणाच्याच नमुन्यात नव्हते. आणखी एक गोष्ट होती. फरक जुलैत प्रचंड होता, जानेवारीत जेमतेम, जणू पाणी कुठेतरी उबेत पडून राहत असावं. तिच्या लक्षात आलं ते तिला खरं वाटू नये असंच होतं.

पुढच्या मंगळवारी, भर उन्हाळ्यात, तिने एकाच वेळी दहा बाटल्या भरल्या. दोन तिथल्या तिथे फिल्टर केल्या. बाकीच्या कूलरमध्ये घालून घरी आणल्या आणि गॅरेजमध्ये ठेवल्या. बर्फ विरघळला तरी नवा घातला नाही. सहा तासांनी दोन, मग बारा, चोवीस आणि चाळीस तासांनी दोन-दोन अशा फिल्टर केल्या. तीन आठवड्यांनी निकाल आले. ताज्या पाण्याचा निकाल तिच्या मंगळवारांशी जुळला. चाळीस तास थांबलेल्या पाण्याचा निकाल यतीनच्या उन्हाळी मंगळवारांवर इतका चपखल बसला की दोन रेघा वेगळ्या ओळखता येईनात.

बाईंना दाखवण्याआधी तिने तो यतीनला दाखवला. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. लॅबच्या पार्किंगमध्ये दुपारी त्याला थांबवलं आणि कागद हातात दिला. त्याने तो शेवटपर्यंत वाचला.

"रविवारी आम्ही धक्क्याजवळच्या बीचवर जायचोच, ताई," तो म्हणाला. "तेव्हाच भरून घ्यायचो. मंगळवारी सकाळी गॅरेजमध्ये फिल्टर करायचो. आश्लेषाला वर्क परमिट मिळून नोकरी लागली, रुहीला सोडायला कुणी नाही, सकाळी सातला तिथे कसं पोचणार?"

"मला सांगायचंस. मी दर मंगळवारी गेले असते."

"सांगितलं असतं तर माझी गरज काय राहिली असती? नोकरी गेली की साठ दिवसांत देश सोडायचा. तुम्हाला नाही कळणार, तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे."

अहिल्याला ते कळत होतं. नऊ वर्षं तिने त्याच भीतीत काढली होती. तिथे तो थांबला असता तर कदाचित तिने त्याची बाजू सावरूनही घेतली असती.

"आणि राखीव जागेचं?"

"मी तसं नाही म्हटलं, यार... म्हणजे ताई. बाईंनीच विचारलं, तुमच्याकडे शिक्षण कसं असतं. मी फक्त सिस्टिम सांगितली."

"सिस्टिम," अहिल्या म्हणाली. तिने कागद त्याच्या हातातून घेतला आणि सरळ बाईंच्या ऑफिसात गेली.

हॅलोरन बाईंनी सगळं शांतपणे पाहिलं, तिचे आभार मानले, प्रयोग सुंदर आहे म्हणाल्या. प्रकरण आतल्या आत मिटवायचं ठरलं. प्रकल्पावरच्या शोधनिबंधातून अर्धे मंगळवार वगळले गेले. त्याचं कारण एका ओळीत लिहिलं होतं, 'साठवणुकीतील अनियमितता.' लेखकांत अहिल्याचं नाव चौथं आलं. यतीनला नोकरीवरून काढलं नाही. तीन महिन्यांत पार्सिपनीतल्या एका कंपनीत त्याला चांगली जागा मिळाली, आणि शिफारसपत्र बाईंनीच दिलं.

"त्याला कुटुंब आहे," त्या अहिल्याला म्हणाल्या.

"आणि माझ्या शिक्षणाबद्दल तो जे बोलला?"

"ते तुमच्या दोघांतलं, तुमच्या संस्कृतीतलं काहीतरी आहे. मी त्यात पडणं योग्य नाही."

निरोपाच्या दिवशी लॅबमध्ये केक कापला. शुभेच्छांचं कार्ड फिरत फिरत अहिल्याच्या टेबलावर आलं. तिने ते न उघडता पुढच्या माणसाकडे दिलं आणि बाटल्या धुवायला गेली. मंडळात आश्लेषाने सांगितलेली हकिगत वेगळीच होती; तिच्यात ताईंनीच यतीनला लॅबमधून घालवलं होतं. त्या वर्षी चौदा एप्रिलला कर्णिकांखेरीज आणखी चार घरं आली नाहीत. कुणी काही विचारलंही नाही.

यतीनच्या जागी हर्षिता आली. नाशिकची, पस्तिशीची, आधी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. मोजकं बोलणारी, कामाला चोख. अहिल्याने तिला सगळं शिकवलं, पण घरी मात्र बोलावलं नाही. नमुने घेणं चालूच होतं, पाळ्या परत एकाआड एक ठरल्या.

हर्षिताच्या चौथ्या मंगळवारी अहिल्याने संजयला सांगितलं की लॅबमध्ये लवकर काम आहे, आणि तासभर गाडी चालवून ती धक्क्यावर गेली. पार्किंगच्या कडेला, एका व्हॅनच्या आड गाडी लावून बसली. सातला दहा मिनिटं असताना हर्षिता आली. दोर सोडला, बाटली विसळली. एकदा, दोनदा, तीनदा. भरली, झाकण लावलं, वेळ लिहिली. वळली तेव्हा तिला गाडी दिसली.

ती सरळ चालत आली. अहिल्याने काच खाली केली.

"काही राहिलं का माझं?" हर्षिताने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "नाही," अहिल्या म्हणाली. "तुझ्यावर नजर ठेवायला आले होते."

हर्षिताने बाटली छातीशी धरली होती. तिच्या जॅकेटवर पाणी ठिबकत होतं. "तुम्ही सांगितलं असतं तर मी तुमच्यासमोर केलं असतं," ती म्हणाली, आणि घड्याळाकडे बघून शेडकडे निघून गेली. अर्धा तास मोजला जात होता.

त्यानंतर आपल्या प्रत्येक मंगळवारी सातच्या सुमाराला हर्षिता न मागता एक फोटो पाठवते. धक्का, बाटली, मनगटावरचं घड्याळ. सोबत एक शब्दही नसतो. पहिला फोटो आला तेव्हा अहिल्या स्वयंपाकघरात चहा गाळत होती. तिने भांडं खाली ठेवलं, बोटांनी फोटो मोठा केला, घड्याळातली वेळ वाचली, आणि वाचल्याबद्दल तिला स्वतःचाच राग आला.