कटिंगमास्तरचं इंजेक्शन

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधली ती चहाची टपरी आता रस्तारुंदीत गेली, पण तिथे रोज बशी फुंकत बसणारा जीन्सचा कटिंगमास्तर मला अजून आठवतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. माणूस इतका गोरा, की तो आला की टपरीवाला दिवा मालवायचा, तेवढंच विजेचं बिल वाचायचं. खोटं वाटत असेल तर टपरीवाल्याला विचारा.

एका उन्हाळ्यात मात्र तो दिवसेंदिवस काळवंडू लागला. शेवटी शेवटी तर बशीतला चहा त्याच्यापेक्षा उजळ दिसे.

"मास्तर, दिवसभर उन्हात बारवी धरणात पोहता काय?" मी छेडलं.

"इंजेक्शन, भाऊ. बायको आताशा बघतच नाय माझ्याकडं. म्हटलं, जरा जोश येईल. फोनवरच मागवलं. डॉक्टरनं तोंडपण न बघता चिठ्ठी दिली. जोश आला तो उलट्यांना. वर चामडी काळी, आणि अंगावरचे तीळ वाढायला लागलेत." तो हसला, पण हात मानेवरच्या तिळावरून हलेना.

शेवटी बायकोनंच त्याला चामडीच्या डॉक्टरकडे ओढत नेलं. काही दिवसांनी तो टपरीवर आला.

"इंजेक्शन बंद. मानेवरचा तीळ काढून तपासला, रिपोर्ट साफ आहे. डॉक्टरनं विचारलं, यातले जुने कुठले, नवे कुठले? मला कुठं ठाऊक? हिनं पाठीवरचेसुद्धा एकेकावर बोट ठेवून सांगितले."

एवढं बोलून तो असा लाजला, की त्या काळ्या गालांवरही लाली चढली. तसा लाजलेला नवरा अख्ख्या उल्हासनगरात मी पुन्हा पाहिला नाही.