खुर्च्या कमी आहेत

सोलापूरच्या एसटी स्टँडवर पुण्याच्या गाडीला टेकून माझे वडील, अप्पा, उभे होते आणि आम्ही दोघं उन्हाबद्दल बोलत होतो. ऊन लई वाढलंय, पुण्यात जरा कमी असेल, खिडकीची जागा सोडू नको. अव्वानं, माझ्या आईनं, बांधून दिलेल्या कडक भाकरीची पिशवी माझ्या मांडीवर होती. कंडक्टरनं दार लावलं तेव्हा अप्पांनी शर्टाच्या खिशातून त्यांचा हूक काढला आणि खिडकीतून माझ्या हातात दिला. लोखंड बांधणाऱ्याचा हूक, वीतभर सळईचा, टोकाला वाकवलेला. तार पिळून पिळून मुठीपाशी गुळगुळीत झालेला.

"तुमाला लागंल की," मी म्हणाले.

"मला न्हाय लागत आता," ते म्हणाले.

गाडी निघाली. मी ज्या गोष्टीमुळं सोलापूर सोडत होते, तिच्यामुळंच त्यांना हूक लागणार नव्हता. तिचं नाव आम्ही दोघांनीही घेतलं नाही.

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहिलेल्या मैत्रिणींनो, आणि डिप्लोमा-डिग्री घेऊन पुण्याला, बंगळुरूला, दुबईला निघून गेलेल्यांनो, हे तुम्हा सगळ्याजणींसाठी लिहितेय. मी पत्रकं लिहिणारी बाई. पॉलिटेक्निकमध्ये शिकले ते पत्रक लिहायला, इंजिनिअरिंग नंतर. पत्रकाचा नियम साधा असतो, मागणी पहिल्या ओळीत. आज तो नियम मी मोडतेय, कारण ही मागणी करायचा हक्क मला आहे की नाही, हे आधी तुम्हीच ठरवा.

अप्पा मूळचे होटगीचे. शेतात भागेना म्हणून शहरात आले आणि लोखंड बांधायला लागले. चार माणसांची त्यांची टोळी. मी डिप्लोमा करून सोलापुरातल्याच एका स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या ऑफिसात ट्रेनी म्हणून लागले. काम साईटवर जाऊन लोखंड तपासायचं. तिथं माझ्याआधी मुलगी आलेली नव्हती. तपासणीच्या कागदावर माझं नाव पहिल्यांदा छापून आलं तेव्हा अप्पांनी त्याची झेरॉक्स काढून भिंतीला लावली होती. आणि तिसऱ्याच साईटवर बघते तर टोळी अप्पांची. मिस्त्री सगळ्यांसमोर ओरडला, "बाप बांधतोय, लेक तपासतीय. घरचीच परीक्षा हाय की! पास करा आता." सगळे हसले. अप्पाही हसले. मीसुद्धा हसले, हे मुद्दाम सांगते.

आता थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. गॅलरी एका बाजूनंच भिंतीला धरलेली असते, आपण हात पुढं करून उभं राहावं तशी. तिचा सगळा जीव वरच्या सळयांत. त्या वरच राहाव्यात म्हणून त्यांच्याखाली वाकवलेल्या सळईचा छोटा आधार ठेवतात. साईटवर त्याला खुर्ची म्हणतात. खुर्च्या कमी पडल्या की माणसाच्या पायानं सळई खाली बसते. वरून काँक्रीटचा माल पडतो. मग कुणालाच काही दिसत नाही.

स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी मी वर गेले आणि मोजलं.

"अप्पा, गॅलरीत खुर्च्या कमी हायत."

"तुकडे संपले गं. उद्या सकाळी टाकतो की. तू सही कर, तुजा साहेब वाट बघतोय."

मी सही केली. दुसऱ्या कुणाची टोळी असती तर केली नसती. बाहेरच्या माणसाला मी म्हणाले असते, आधी टाका, मग सही. बापाला कसं म्हणणार? मनात ठरवलं, सकाळी माल पडायच्या आधी वर जाऊन बघते.

सकाळी मिक्सरची पूजा झाली, नारळ फुटला, आणि मी शिडीकडं निघाले तर मिस्त्री आडवा आला. "ताई, तुमी खाली थांबा. स्लॅबच्या दिशी बाईमाणूस वर नको. मालकाला चालत न्हाय." तो हे बोलत असताना त्याच्या पाठीमागून बाया फळीवरून वर चढत होत्या, डोक्यावर घमेली घेऊन. सगळ्यात पुढं मल्लव्वा. होटगीचीच, अप्पांच्या गल्लीतली.

"आन ह्या?" मी विचारलं.

"ह्या कामाच्या बाया हायत," मिस्त्री म्हणाला.

घमेलं घेऊन चढलेली बाई चालते. टेप घेऊन चढलेली चालत नाही. तेव्हाच तिथं ओरडायला हवं होतं. मला ओरडता येत होतं, पॉलिटेक्निकच्या गेटवर मी त्यासाठीच प्रसिद्ध होते. पण मी वर अप्पांकडं बघितलं. ते कडेला आले आणि म्हणाले, "थांब की खाली. हुतंय सगळं."

मी खाली थांबले. दिवसभर सिमेंटच्या पोत्यांवर बसले. दुपारी अप्पा पाणी प्यायला उतरले तेव्हा विचारलं, "टाकल्या?" त्यांनी मान हलवली. व्हय म्हणून हलवली की न्हाय म्हणून, मला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

सेंट्रिंग, म्हणजे माल घट्ट होईपर्यंत खालून लावलेल्या फळ्या-टेकू, खोलायच्या दिवशी मी साईटवरच होते. गॅलरीखालचे टेकू हातोड्यानं ठोकून काढत होते. ठक, ठक, ठक. मल्लव्वा खालून फळ्या ओढून बाजूला ठेवत होती. शेवटच्या टेकूचा आवाज आला, आणि त्यानंतर जो आवाज आला तो मी लिहू शकत नाही. मल्लव्वा जगली. तिचा उजवा पाय गुडघ्यापासून गेला. तुटलेल्या गॅलरीच्या भिंतीकडच्या टोकातून सळया बाहेर लोंबत होत्या, सगळ्या खालच्या अंगाला. वर एकही नव्हती.

मग माणसं आली, बघून गेली, अपघात म्हणून लिहून गेली. साहेबांनी मिस्त्रीला विचारलं, ठेकेदाराला विचारलं, अप्पांना चारदा बोलावून विचारलं. मला कुणीच विचारलं नाही. तपासणीचा कागद फाईलमध्ये होता, त्यावर माझी सही होती, ठळक, पूर्ण नावाची. साहेब म्हणाले, "ती ट्रेनी मुलगी आहे, तिला काय कळतंय." बहुतेक मला सांभाळून घेण्यासाठीच म्हणाले असतील. आणि मी सांभाळून घेऊ दिलं.

ही गोष्ट माझ्या मानेवर बसलीय ती अशी. ज्या तुच्छतेनं मला खाली थांबवलं, तिनंच मला वाचवलं. बाईची सही कोण वाचतो? घरी आले तर भिंतीवरची झेरॉक्स अप्पांनी काढून ठेवलेली. त्यांनी टोळी मोडली आणि एका लोखंडाच्या दुकानात वजनकाट्यावर बसायला लागले. मी पुण्यातल्या नोकरीचा फॉर्म भरला.

पुण्यात मी बरीच पुढं गेले म्हणायला हरकत नाही. काचेचं ऑफिस आहे. सॉफ्टवेअरमध्ये गॅलरी काढली की जास्त ताण पडतो ते तिचं भिंतीकडचं मूळ स्क्रीनवर आपोआप लाल होतं. इथं इंजिनिअरांची संघटना आहे आणि संघटनेत डायव्हर्सिटी कमिटी आहे, तिच्यात मी आहे. आम्ही भांडून साईटवर बायांसाठी संडास मिळवले, मुलींच्या मापाचे सेफ्टी बूट मिळवले. त्यासाठीची पत्रकं मीच लिहिली आणि त्यांचा मला अभिमान आहे. पण बाकीचं काय आहे तेही सांगते. महिला दिनाला केक. गुलाबी हेल्मेट. एसी हॉलमध्ये प्रोफेशनल डेव्हलपमेंटचं लेक्चर, मागं बसून चहा प्यायला तरी तास भरतात, सर्टिफिकेट मिळतं. हॉलमध्ये येतात त्या बायका कोण? माझ्यासारख्या. टेप घेतलेल्या.

आणि संध्याकाळी मी घरी येते. माझ्या फ्लॅटला गॅलरी आहे. माझे कपडे आत वाळतात. रस्त्यानं चालताना मी गॅलऱ्यांखालून जात नाही, फुटपाथ सोडून उतरते, रिक्षावाले शिव्या देतात. शेजारी कुणी भिंतीत खिळा ठोकला तरी मी आवाज मोजायला लागते. ठक, ठक. पुढचा येईपर्यंत श्वास आत.

यंदा कमिटीनं मला भाषण द्यायला सांगितलं. विषय त्यांनीच दिला, साईटवरून व्यासपीठापर्यंत. मी गॅलरीबद्दल लिहिलं. आमच्या अध्यक्ष मॅडमनी ते वाचलं आणि मला बाजूला घेतलं. "हे काढ. बाईनं तपासलं आणि पडलं, एवढंच लोक लक्षात ठेवतील. उद्या एखाद्या पोरीला साईटवर घेताना हेच तोंडावर फेकतील." मॅडमनी आयुष्यभर असली बोलणी खाल्लीत. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शिवाय त्या लिखाणात अप्पा होते. माझी सही उघडी करायची तर त्यांच्या खुर्च्याही उघड्या पडणार होत्या. म्हणून सोलापूरला गेले. भाषण द्यायचं की फाडायचं, ते तिथं ठरणार होतं.

आधी होटगीला. मल्लव्वा दारात बसून शेंगा फोडत होती, कुबडी शेजारी.

"आली का इंजिनेरीणबाई! लई वाळलीस गं. पुण्यात भाकरी मिळत न्हाय व्हय?"

मी तिच्याजवळ बसले आणि सांगून टाकलं. सही माझी होती, खुर्च्या कमी होत्या, मला माहीत होतं. खुर्ची म्हणजे काय तेही सांगितलं. तिचा हात थांबला. मग पुन्हा शेंग फुटली.

"पाय टाकला की लोखंड दबायचं," ती म्हणाली. "गादीवानी. मला वाटलं, तसंच असतंय."

"दबायला नको हुतं, मल्लव्वा."

"मग सांगायचं की कुणीतरी. मी दिसभर वरच हुते. मला कोण अडवलं न्हवतं."

रागावून नाही म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. जिला कळत होतं ती खाली बसलेली, आणि जी वर होती तिला कुणी कळवलेलंच नव्हतं. दोन बायका, एक शिडी. मिस्त्रीनं मला अडवलं हे खरं, पण मल्लव्वाला आदल्या दिवशी चहा पिताना दोन वाक्यांत सांगायला मला कुणी अडवलं होतं? माझ्या डोक्यात आलंच नाही. तीही माझ्यासाठी कामाची बाई होती.

शुक्रवार पेठेत अप्पा खोलीच्या पायरीवर बसले होते. मी शेजारी बसून अख्खं भाषण वाचून दाखवलं. वाचताना त्यांच्याकडं बघितलं नाही.

"ह्यात तुमी हाय," मी म्हणाले. "न्हाय म्हणलात तर काढते."

"तुजी सही लिवलीस?"

"व्हय."

"मग माजं का काढतीस?"

आत अव्वानं भांडं खाली ठेवलेलं ऐकू आलं. बराच वेळ अप्पा पायरीच्या फरशीवर बोटानं रेघ ओढत राहिले.

"आट टाकायच्या हुत्या," ते म्हणाले. "तीन टाकल्या. मिक्सर सुरू झाला, मिस्त्री शिव्या घालाया लागला. तू इचारलंस तवा मला न्हाय म्हणायचं हुतं. मान कशी हलली कुणास ठाऊक."

मी सोडून दिलेल्या प्रश्नाचं ते उत्तर होतं. इतकी वर्षं ते त्यांच्या मानेत अडकलेलं होतं आणि मी पुण्यात माझ्या मानेबद्दल लिहीत होते.

आता मागणी. स्लॅबवर चढणाऱ्या प्रत्येक बाईच्या डोक्यावर घमेलं देण्याआधी तिच्या हातात खुर्ची द्या. कशासाठी असते ते दाखवा. लोखंड पायाखाली दबलं तर काम थांबवायचा हक्क तिचा. तपासणारी वर जाईल, स्लॅबच्या दिवशीही, आणि तिची सही वाचली जाईल, चुकली तर तिला जाब विचारला जाईल. तुमचे प्रोफेशनल डेव्हलपमेंटचे तास एसी हॉलमधून उचलून मजुरांच्या नाक्यावर आणा. मॅडमना फोन करून सांगितलं की भाषणातलं एक अक्षर काढणार नाही. त्या म्हणाल्या, "पहिली बोल. नंतर लोक झोपतात."

निघायच्या सकाळी अप्पांनी विचारलं, "हूक हाय का जवळ?" माझ्या पर्समध्ये असतोच. तो त्यांनी हातात घेतला, फिरवून बघितला, परत दिला. मग दुकानातून आणलेले सळईचे तुकडे काढले आणि अंगणातल्या दगडावर वाकवायला बसले. हातोडा पडत होता, ठक, ठक, आणि मी शेजारी बसून होते. श्वास धरला होता, पण उठून गेले नाही.

स्टँडवर या वेळी आम्ही उन्हाबद्दल बोललो नाही. घर कुठं, असं पुण्यात कुणी विचारलं तर मी पूर्वी पेठेचं नाव सांगायचे. आता मला वाटतं, जिथं तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायला परत जावं लागतं, ते घर. गाडी मोहोळच्या पुढं गेली तरी मांडीवरची पिशवी जड लागत होती. भाकरीखाली लोखंड होतं. गाडी आदळली की ते वाजायचं. मी हात घालून खुर्च्या मोजल्या. आठ होत्या.